कऱ्हाडला शून्य गुण

“मॅडम, कृष्णा आणि कोयना कऱ्हाडलाच मिळतात ना?”

फोनवरचा आवाज ओळखीचा होता. डिसेंबर २०२०मधली ही गोष्ट. महाविद्यालये बंद होती आणि आम्ही पदवीच्या मुलांची वीस गुणांची अंतर्गत परीक्षा प्रथमच संगणकावरून घेतली होती. फोन करणारी मुलगी कोयनेच्या खोऱ्यातल्या एका लहान गावातली. घरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून गावामागच्या टेकाडावर बसून तिने परीक्षा दिली होती. निकाल लागला तेव्हा तिला वीसपैकी सात गुण होते. उत्तीर्ण व्हायला आठ लागतात.

मी म्हटले, “हो, कऱ्हाडलाच मिळतात. का गं?”

“मग माझं उत्तर चूक कसं? आम्ही महिन्यातून दोनदा एसटीनं कऱ्हाडला जातो. संगम डोळ्यांनी बघितलाय मी.”

मी तिची उत्तरपत्रिका उघडली. प्रश्न होता, ‘कृष्णा व कोयना या नद्यांचा संगम कोणत्या गावी होतो?’ पर्याय दिलेले नव्हते, उत्तर टंकायचे होते. मी स्वतःला फार सावध समजत असल्यामुळे यंत्राला दोन उत्तरे सांगून ठेवली होती, ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’. मुलीने लिहिले होते ‘कऱ्हाड’, आणि त्यापुढे लाल फुली होती. मी एकेक अक्षर तपासले, मागेपुढे मोकळी जागा सुटली आहे का तेही पाहिले. काहीच फरक दिसेना. शेवटी आमच्या संगणकशास्त्र विभागातल्या एका सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. तो मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ऐकून ठेवावा असा आहे.

‘कऱ्हाड’मधला तो आडवा, अर्ध्या चंद्रासारखा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात त्यासाठी वेगळा र आहे, त्याला हलन्त जोडायचे. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. काही कळफलक एका प्रकारे लिहितात, काही दुसऱ्या. वापरणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. यंत्र मात्र आकार बघत नाही, आतले संकेत जुळवते. माझा ‘कऱ्हाड’ पहिल्या जातीचा होता, तिचा दुसऱ्या. झाले, शून्य गुण!

तेवढ्यावर भागले असते तर बरे. पुढे चार प्रश्न आकड्यांत उत्तर द्यायचे होते. कळसूबाईची उंची किती मीटर, एक रेखावृत्त ओलांडायला सूर्याला किती मिनिटे लागतात, भारताची प्रमाणवेळ कोणत्या रेखावृत्तावरून ठरते आणि कर्कवृत्त भारताच्या किती राज्यांतून जाते. मुलीने लिहिले होते १६४६, ४, ८२.५ आणि ८. चारही उत्तरे बरोबर, पण लिहिलेली देवनागरी आकड्यांत. आमच्या यंत्राला रोमन लिपीतलेच आकडे समजत होते. मराठी माध्यमातून शिकलेली, मराठी आकड्यांत हिशेब करणारी मुलगी. तिने नेमके जे करायला हवे ते केले आणि त्याबद्दल तिचे चार गुण गेले. सातचे बारा झाले तेव्हा मी तिला फोन केला. ती हसली. मला हसू आले नाही, कारण तोवर मी सगळ्या वर्गाच्या उत्तरपत्रिका उघडून पाहिल्या होत्या. साठ मुलांपैकी अकरा जणांचे असेच गुण गेले होते आणि फोन केला होता एकीनेच.

बाकीच्या दहा जणांना मी नंतर विचारले. “कॉम्प्युटरने चूक दिलं म्हणजे चूकच असणार,” असे त्यांचे म्हणणे. कागदावर मी लाल शाईने गुण कापले तर हीच मुले टेबलाभोवती घोळका करून हुज्जत घालतात. यंत्राशी हुज्जत घालावी असे कोणाला वाटले नाही. त्या दिवसापासून या विषयाकडे मी नीट लक्ष द्यायला लागले. परीक्षा यंत्र तपासते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ती शिक्षकानेच आधी तपासून ठेवलेली असते. मुलांनी उत्तरे लिहिण्यापूर्वी, घरी बसून, एखाद्या रात्री घाईघाईत.

एकच उत्तर बरोबर असणारा प्रश्न ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये फ्रेडरिक केली नावाचे शिक्षणतज्ज्ञ होते. एकाच दर्जाच्या कामाला वेगवेगळे शिक्षक किती निरनिराळे गुण देतात याचा अभ्यास त्यांनी १९१४मध्ये केला आणि त्यावर उपाय म्हणून वाचनाची एक चाचणी तयार केली. तिच्यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एक तर पूर्ण बरोबर, नाही तर पूर्ण चूक. तपासणाऱ्याची मर्जी मध्ये येता कामा नये, हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण मर्जी गेली कुठे? ती उत्तरे तपासण्यातून निघाली आणि प्रश्न काढण्यात जाऊन बसली.

आम्ही वापरतो त्या प्रणालीचे नाव मूडल. मार्टिन डूगियामास या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी ती तयार केली, पहिली आवृत्ती २००२मध्ये आली. ती फुकट मिळते, म्हणून जगभरच्या शाळा-महाविद्यालयांत दिसते. तिच्यात शिक्षकाने प्रश्नांची पेढी उघडायची, म्हणजे प्रश्न साठवून ठेवायचे आणि लागतील तसे काढायचे. पेढी हा शब्द मला आवडतो, कारण पेढीवर खोटे नाणे एकदा आत आले की ते वर्षानुवर्षे फिरत राहते.

माझ्या पेढीत अशी नाणी बरीच निघाली. सुरुवातीला मी जुन्या प्रश्नपत्रिकांमधले प्रश्न सरसकट आत भरले होते. त्यांत ‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ या प्रश्नाचे उत्तर ३५ होते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आणि जिल्हे ३६ झाले. प्रश्न त्याआधीचा होता. तो परीक्षेपूर्वी हाती लागला, हे नशीब. त्याच डिसेंबरात नेपाळ आणि चीन यांनी एव्हरेस्टची नवी उंची जाहीर केली, ८८४८.८६ मीटर. तोवर आम्ही ८८४८ शिकवत होतो. आता उत्तरात एक मीटरची सूट ठेवली आहे, म्हणजे दोन्ही चालतात. २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही जिल्ह्यांची नावे आली, २०२४मध्ये अहिल्यानगर. उत्तर टंकायचे असेल तर जुने नावही मान्य करावे लागते. मुलगा जुन्या पुस्तकातून शिकला यात त्याचा काय दोष?

भारताच्या किनाऱ्याची लांबी हे तर मोठेच प्रकरण. आमच्या पिढीने ७,५१६ किलोमीटर पाठ केले. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४च्या वार्षिक अहवालात तीच लांबी ११,०९८ किलोमीटर दिली आहे. समुद्र वाढलेला नाही की जमीनही वाढलेली नाही. किनाऱ्याचे खाचखळगे अधिक बारकाईने मोजले, इतकेच. आखूड पट्टीने मोजले की खाड्या, वळणे, बेटांचे काठ सगळे हिशेबात येते आणि लांबी वाढते. भूगोलाच्या तासाला यावर तासभर छान बोलता येईल, पण एका आकड्याच्या उत्तरासाठी हा प्रश्न आता निरुपयोगी आहे. तो मी पेढीतून काढला नाही, फक्त झोपवून ठेवला आहे.

प्रश्न दुरुस्त करणेही वाटते तितके सोपे नाही. पूर्वी एखादा प्रश्न बदलला की जुन्या परीक्षेच्या नोंदीतही तो बदललेलाच दिसे. म्हणजे मुलाने कोणता प्रश्न सोडवला होता याचा पुरावाच पुसला जाई. २०२२मध्ये मूडलची चौथी आवृत्ती आली, तेव्हापासून प्रश्नाची प्रत्येक आवृत्ती वेगळी राहते. उत्तरसूची सुधारून साऱ्या वर्गाचे गुण पुन्हा मोजायची सोय आधीपासून आहे. ती वापरायची तर आपली चूक आधी कबूल करावी लागते, हाच काय तो अडथळा.

आता पर्यायांकडे वळते. चार पर्याय देऊन प्रश्न काढायचा म्हटला की बरोबर उत्तर सहज सुचते आणि चुकीची तीन उत्तरे कशी तरी भरली जातात. खरे कसब त्या तिनांत आहे. उदाहरणार्थ, ‘आपल्याकडे उन्हाळा का येतो?’ याचे उत्तर पृथ्वीच्या कललेल्या आसात आहे. इथे ‘ढगांमुळे’, ‘वाऱ्यामुळे’ असले पर्याय दिले तर ते कोणीच निवडत नाही. प्रश्न चार पर्यायांचा दिसतो, पण असतो एकाच पर्यायाचा. त्याऐवजी ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून’ हे उत्तर ठेवून पाहा. पदवीच्या वर्गातली चांगली चांगली मुले तिथे अडकतात. कारण हा समज त्यांच्या डोक्यात लहानपणापासून बसलेला आहे आणि परीक्षेत तो कधी कोणी विचारलेला नाही. वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण स्वेटर घालतो तेव्हा. यंत्राची एक सोय मला फार मोलाची वाटते. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खुलासा लिहून ठेवता येतो. मुलाने ‘जवळ येते म्हणून’ निवडले की त्याला जानेवारीतल्या स्वेटरची आठवण करून द्यायची. साठ उत्तरपत्रिकांवर हातांनी मी हे कधीच लिहिले नसते.

असे पर्याय सुचायचे कसे? खुर्चीत बसून सुचत नाहीत. वर्गात मुले जे बोलतात ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवायचे. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि वीस किलोमीटरांच्या आत असलेल्या पाचगणीला निम्म्याहूनही कमी, असे का, म्हणून विचारले तेव्हा एक मुलगा म्हणाला, “तिकडं झाडं कमी आहेत म्हणून.” पाऊस कमी म्हणून झाडे कमी, हे त्याने उलटे धरले होते. त्याचे ते वाक्य आज माझ्या पेढीत पर्याय ब म्हणून आहे आणि दर वर्षी आपले गिऱ्हाईक मिळवते.

मराठीत प्रश्न काढताना आणखी एक फसगत होते, ती इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. आपली भाषा लिंग लपवू देत नाही. ‘...... हा अरबी समुद्रातील एक महत्त्वाचा जलदुर्ग आहे’ असे लिहिले आणि पर्यायांत एक किल्ला, एक खाडी, एक बंदर आणि एक नदी ठेवली, तर ‘हा’ वाचूनच उत्तर कळते. भूगोल यायची गरज नाही, मराठी आले की पुरे. तसेच सर्वांत लांबलचक पर्याय बहुधा बरोबर असतो, कारण शिक्षक बरोबर उत्तरालाच जपून, सगळ्या अटी घालून लिहितो. मुलांना हे शिक्षकांच्या आधी कळलेले असते. आणि ‘वरीलपैकी सर्व’! पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा यावा म्हणून आम्ही यंत्राला ते पिसायला सांगतो. पहिल्या परीक्षेत एका मुलाच्या पडद्यावर पहिलाच पर्याय आला ‘वरीलपैकी सर्व’. वर प्रश्नाखेरीज काहीच नव्हते. त्याने नंतर विचारले, “मॅडम, वरीलपैकी म्हणजे सीलिंग फॅन का?”

प्रश्नातला ‘नाही’ हाही असाच. ‘खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?’ चार इंचांच्या पडद्यावर, उन्हात, टेकाडावर बसून वाचणाऱ्या मुलीचा तो ‘नाही’ हमखास सुटतो. तिला भूगोल येतो की नाही ते कळतच नाही. मी असे प्रश्न जवळजवळ बंद केले.

पालकांची तक्रार अशी की या पद्धतीत न शिकताही पास होता येते. तक्रार अगदीच खोटी नाही. वीस प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी पाच बरोबर येतात. आठ किंवा जास्त येण्याची शक्यता दहात एक एवढी आहे. म्हणजे वर्गातल्या दहा आळशांपैकी एक जण नुसत्या नशिबावर उत्तीर्ण! चुकीला एक तृतीयांश गुण कापला तर हा फायदा सरासरीने शून्यावर येतो. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा असतो, त्यात आंधळ्या अंदाजालाही सरासरीने पाव गुण उरतोच. मी मात्र माझ्या वर्गात गुण कापत नाही. कापायला लागले की धीट मूल अंदाज करते आणि भित्रे मूल येत असलेले उत्तरही सोडून देते, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा पाच-सहा प्रश्न पर्यायांविना ठेवावेत. टंकण्याची भानगड होते, ती सोसावी.

दुसरी तक्रार कॉपीची. यंत्राला साठ प्रश्नांतून प्रत्येकाला वेगळे वीस काढून द्यायला सांगितले, तर दोन शेजाऱ्यांमध्ये सरासरीने सहा-सात प्रश्नच समान येतात. मोबाईलवर उत्तरे पाठवण्यात मग राम राहत नाही. पण नुसते साठातून वीस उचलले तर एखाद्याच्या वाट्याला सगळे अवघड येतील. म्हणून प्रकरणांप्रमाणे आणि काठिण्याप्रमाणे पाच कप्पे करून प्रत्येकातून चार घ्यावे लागतात. कोणता प्रश्न अवघड हे मात्र मी आता स्वतः ठरवत नाही, कारण माझा अंदाज निम्म्या वेळा चुकतो. मला सोपा वाटलेला प्रश्न मुलांना गारद करतो आणि मी मोठ्या कौतुकाने काढलेला अवघड प्रश्न सगळे सोडवतात.

ते ठरवायचे परीक्षेनंतर, आकडे पाहून. यंत्र प्रत्येक प्रश्नाबद्दल दोन गोष्टी सांगते. एक, किती जणांना तो आला. दुसरी जास्त महत्त्वाची: एकूण परीक्षेत ज्यांना चांगले गुण आहेत त्यांना तो प्रश्न जास्त आला की कमी. चांगल्या प्रश्नात हुशार मुले पुढे असतात. कधी कधी उलटे होते. ज्यांना बाकी सगळे येते तेच नेमके एका प्रश्नात चुकतात आणि मागच्या बाकावरचे बरोबर येतात. असे दिसले की मुलांवर शंका घेऊ नये, प्रश्न उघडून पाहावा.

माझ्या बाबतीत तो प्रश्न लोणारचा निघाला. ‘लोणार सरोवराचे पाणी कसे आहे?’ उत्तरसूचीत ‘खारे’. बाकीचे पर्याय ‘गोडे’, ‘गढूळ’ आणि ‘अल्कधर्मी’. हा चौथा पर्याय मी केवळ चार आकडा भरायचा म्हणून टाकला होता. वर्गातल्या पहिल्या पाच-सहा जणांनी ‘अल्कधर्मी’ निवडले आणि गुण गमावला. का? जून २०२०मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचे कारण क्षारांत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत शोधले. वर्तमानपत्रांत त्याविषयी भरपूर छापून आले, त्यात पाणी खारे आणि अल्कधर्मी असल्याचे लिहिले होते. ज्यांनी वर्तमानपत्र वाचले नाही त्यांनी पाठ्यपुस्तकातले ‘खारे’ टिकले आणि गुण घेतला. ज्यांनी वाचले त्यांना मी वाचल्याबद्दल शिक्षा केली. दोन्ही उत्तरे बरोबर धरून मी गुण पुन्हा मोजले आणि वर्गाची माफी मागितली. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, मला वाटलं पेपरवालेच चुकले.” हे ऐकून मात्र मला खरेच वाईट वाटले.

आता प्रत्येक परीक्षेआधी मी दोन कामे करते. निरनिराळे मोबाईल असलेल्या, दुसऱ्या वर्गातल्या चार मुलांना बोलावून बरोबर उत्तरे टंकायला लावते. कोणी बोलून लिहितो, कोणी रोमन अक्षरांतून मराठी उमटवतो, कोणी देवनागरी आकडे टाकतो. जेवढी रूपे निघतील तेवढी उत्तरसूचीत जातात; ‘कऱ्हाड’ची दोन्ही, ‘कराड’, आणि ८२.५च्या जोडीला ८२ अंश ३० मिनिटेही. आकड्यांच्या प्रश्नांना शब्दांचे प्रश्न समजून दोन्ही लिपींतली उत्तरे देऊन ठेवते. दुसरे काम म्हणजे परीक्षेच्या शेवटी एक मोकळी चौकट ठेवते. तिला गुण नाहीत. वर लिहिलेले असते, ‘कोणता प्रश्न चुकीचा वाटला? का?’

पहिल्या वर्षी ती चौकट जवळजवळ कोरीच आली. हळूहळू मुले लिहू लागली. नकाशातली नदी मोबाईलवर दिसत नाही, पर्याय क आणि ड एकच आहेत, वेळ कमी पडला. काही नुसते ‘पेपर सोपा होता, धन्यवाद’ असेही लिहितात. गेल्या परीक्षेत संगमाचा तो जुना प्रश्न पुन्हा निघाला होता. त्यावर एकाने लिहिले, ‘प्रश्नात कोणत्या गावी असे म्हटले आहे. कऱ्हाड गाव नाही, शहर आहे. तिथे नगरपालिका आहे.’ मी पेढी उघडली आणि ‘गावी’ खोडून ‘ठिकाणी’ केले.